पत कुणाची, अब्रू कुणाची

६ फेब्रुवारी २०२३ ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप ठेवले. क्लबनं ते नाकारले. तरी '११५' हा आकडा तेव्हापासून फुटबॉलच्या गप्पांत शिवीसारखा वापरला जातो. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात फुटबॉल बघणारे तसे मोजकेच, इथे राज्य टेनिस बॉल क्रिकेटचं आणि कबड्डीचं. पण जे आहेत, त्यांतले सिटीवाले त्या आठवड्यात रातोरात चार्टर्ड अकाउंटंट झाले. आसनगाव लोकलच्या दारात उभं राहून, स्पॉन्सरशिपचं 'योग्य बाजारमूल्य' कसं ठरतं यावर चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट्स. युएफानं फेब्रुवारी २०२० मध्ये क्लबवर दोन वर्षांची बंदी घातली होती आणि जुलैमध्ये क्रीडा लवादानं ती उठवली होती. त्या निकालाची इंग्रजी पीडीएफ ग्रुपवर फिरली. "आधी वाच, मग बोल." स्वतःच्या पगाराच्या स्लिपवरची कपातही धड न वाचणारी ही पोरं.

त्या आरोपांचं खरंखोटं करायला महागडे वकील आहेत. मला कुतूहल आहे ते व्हॉइस नोट्सचं. ज्या क्लबनं यांना कधी पाहिलं नाही, ज्याच्या गावात हे कधी गेले नाहीत, त्याच्या नावाला डाग लागला तर यांची झोप का उडते? आणि उडावी का?

इंग्रजीत त्याला 'रेप्युटेशन' म्हणतात आणि मोकळे होतात. आपल्याकडे एका शब्दात भागत नाही. गावाचं नाव असतं, शाळेचा लौकिक असतो, दुकानदाराची पत असते, घराची अब्रू असते. यातले शेवटचे दोन आपण सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. पत बाजारातली. ती कमावता येते, वाढवता येते, पैसा असेल तर विकतही घेता येते, आणि बुडाली तर ज्याची त्याची बुडते. अब्रूचं तसं नाही. ती गेली की घरातल्या सगळ्यांची जाते, म्हणून घरातले सगळे मिळून ती झाकतात. चुलत्यानं काय केलं हे माहीत असूनही पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही.

फुटबॉल क्लबकडे, निदान आजच्या मोठ्या क्लबकडे, असते ती पत. चाहता तिलाच अब्रू समजतो आणि झाकायला धावतो. क्लबला हे चांगलं ठाऊक असतं, त्यावर त्याचा धंदा चालतो.

ही पत घडते कशी, हे पाहायचं तर 'ऑल ऑर नथिंग: मँचेस्टर सिटी' ही ॲमेझॉनवरची मालिका बघावी. ऑगस्ट २०१८ मध्ये आली, आठ भागांची. सिटीनं लीगमध्ये १०० गुण मिळवले, त्या २०१७-१८ च्या मोसमाची गोष्ट. निवेदन बेन किंग्सलीचं. आपल्याला तो माणूस 'गांधी' म्हणून माहीत, त्यामुळे त्या आवाजात अब्जाधीश क्लबची कहाणी ऐकताना मला पहिल्या भागात थोडं हसू आलं होतं. पण मालिका उत्तम आहे. मी ती दोनदा पाहिली आणि दुसऱ्यांदाही कंटाळलो नाही. ग्वार्दिओला ड्रेसिंग रूममध्ये हातवारे करत ओरडतो तेव्हा डावपेच समजत नसतानाही अंगावर काटा येतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळासाठी स्पेनच्या फेऱ्या मारणारा दाविद सिल्वा पाहून गळ्याशी येतं. चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलनं दोन सामने मिळून ५-१ नं चिरडलं, तेही आहे. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत गाब्रिएल जेझुसचा गोल पडतो आणि शंभर पूर्ण होतात.

पराभव दाखवला, शिव्या दाखवल्या, अश्रू दाखवले, हीच या मालिकेची करामत. आपल्याला वाटतं, एवढं सगळं उघडं ठेवलंय म्हणजे काही लपवलेलं नसणार. मुरबाडजवळ म्हसा यात्रेत पौष महिन्यात बैलांचा मोठा बाजार भरतो. तिथला मुरलेला व्यापारी शिंगं रंगवून थांबत नाही, ते तर नवशिकेही करतात. तो स्वतःहूनच बैलाच्या मागच्या पायावरचा जुना ओरखडा दाखवतो. "बघा शेठ, हे एवढं आहे, खोटं सांगणार नाही." गिऱ्हाईक ओरखडा निरखत बसतं आणि तोंड उघडून दात बघायचे राहून जातात. माझे मामा मात्र आधी जबडा उघडतात. दोन दाती की जुळलेला, ते कळल्याशिवाय पायाकडे बघायचंच नाही.

तर सिटीच्या बाबतीत दात कुठे आहेत? अध्यक्ष खल्दून अल मुबारक मालिकेत शांतपणे, मोजून बोलतात. ते अबुधाबीच्या मुबादला या सरकारी गुंतवणूक कंपनीचेही प्रमुख आहेत. क्लबचे मालक शेख मन्सूर तिथल्या राजघराण्यातले, तेव्हा संयुक्त अरब अमिरातीचे उपपंतप्रधान आणि २०२३ पासून उपराष्ट्राध्यक्ष. क्लबचं म्हणणं असं की हा शेखांचा खासगी व्यवहार, सरकारचा यात संबंध नाही. मान्य करू. पण आठ भागांत त्या देशाबद्दल एकही अवघड प्रश्न कुणी विचारत नाही. कॅमेरा बूट ठेवायच्या खोलीत जातो, मालकाच्या घराच्या दिशेनं मात्र मान वळवत नाही.

तो मोसम १३ मे २०१८ ला संपला. त्याच महिन्याच्या अखेरीस अबुधाबीच्या न्यायालयानं अहमद मन्सूर या माणसाला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. हा शेखांचा कुणी नातेवाईक नव्हे, नावाचं साम्य तेवढं. हा इंजिनिअर, कविता लिहिणारा, मानवी हक्कांसाठी बोलणारा. मार्च २०१७ मध्ये त्याला घरातून उचललं होतं. आरोप काय, तर समाजमाध्यमांवर लिहून त्यानं देशाच्या प्रतिष्ठेला धक्का लावला.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून या माणसाचं नाव मला फुटबॉलच्या आधीपासून माहीत होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच्या आयफोनवर एसएमएस आले: तुरुंगातल्या छळाची माहिती हवी असेल तर या लिंकवर जा. तो गेला नाही. त्यानं ते मेसेज टोरांटोच्या सिटिझन लॅबकडे पाठवले. तपासात निघालं की लिंक उघडली असती तर पेगासस हे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरलं असतं. ॲपलनं घाईनं आयओएस ९.३.५ काढलं आणि जगभरच्या आयफोनमधली ती भोकं बुजवली. तेव्हा तुमच्या हातात आयफोन असेल तर त्या अपडेटसाठी तुम्ही या माणसाचं देणं लागता. मग त्याच देशानं 'प्रतिष्ठा' दुखावली म्हणून त्याला आत टाकलं आणि दोन-अडीच महिन्यांनी, त्याच देशाच्या उपपंतप्रधानांच्या क्लबची प्रतिष्ठा उजळवणारी मालिका आपल्या फोनवर आली. मी हा क्रम लावल्यापासून 'क्लबची बदनामी' हा शब्द मला पूर्वीसारखा वापरता येत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मँचेस्टरचं मँचेस्टरवाले बघतील, आपला संबंध काय. संबंध आहे. २८ नोव्हेंबर २०१९ ला सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के शेअर घेतले आणि बाकीचे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिले. म्हणजे मी ज्या टीमसाठी आसनगावहून दादर, दादरहून अंधेरी असा प्रवास करतो आणि सामन्याच्या ८० व्या मिनिटापासून शेवटच्या कसारा लोकलचं गणित मांडत असतो, ती टीम.

आणि पैशानं जे दिलं ते खोटं नव्हतं. मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्यात, करोनामुळे रिकाम्या स्टेडियमवर, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगनं मोहन बागानविरुद्ध गोल केला. आम्ही शील्डही जिंकलो आणि चषकही. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल कुवा अल जवियाला २-१ नं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब आमचा. मी त्या रात्री नाचलो. आजही तो गोल लावला तर नाचेन. हा आनंद खोडून काढा असं सांगणाऱ्या लेखांचा मला मनापासून राग येतो. बहुतेक वेळा ते लिहिणाऱ्याला खेळातलं काही कळत नसतं आणि सोडून द्यायला त्याच्याकडे काही नसतं.

६ नोव्हेंबर २०२३ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अल हिलाल आली. त्याच वर्षी जूनमध्ये सौदीच्या सरकारी निधीनं तिचे ७५ टक्के शेअर घेतले होते. सगळ्यांना नेमार बघायचा होता, तो ऑक्टोबरमध्येच गुडघा मोडून बसला. सामना आम्ही ०-२ असा हरलो. एका बाजूला अबुधाबीचा पैसा, दुसऱ्या बाजूला रियाधचा, आणि मधे नेरूळमध्ये गळ्यात आकाशी मफलर घातलेली मराठी पोरं. या चित्रात आम्ही नक्की कुणाचे? आम्हीही पत घडवण्याच्या कामातलं सामान होतो, कॅमेऱ्याला हवी असलेली गर्दी? थोडेफार होतोच. सामान असण्यात लाज नाही. पण सामानानं मालकाची वकिली करू नये.

इथे मला आमच्या तालुक्यांकडे पाहून बरं वाटतं. हिवाळ्यात कापणी झालेल्या शेतात मैदान आखतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. 'अमुक शेठ चषक.' मैदानाच्या तोंडाशी कमान, कमानीवर शेठचा फोटो, जर्सीच्या पाठीवर शेठचं नाव, यूट्यूबवर लाइव्ह आणि कॉमेंट्रीवाला दर षटकाला शेठचे आभार मानतोय. हा शेठ कोण, त्याचा पैसा कुठून आला, कुणाची जमीन कशी गेली, हे मैदानावरच्या एकूण एक माणसाला माहीत असतं. पोरं त्याच्या पैशाची जर्सी घालतात, त्याचाच वडापाव खातात आणि वडापाव खाताखाताच त्याच्याबद्दल जे बोलायचं ते बोलतात. शेठची कुणी बदनामी केली म्हणून व्हॉइस नोट पाठवणारा फलंदाज मी अजून पाहिलेला नाही. स्पर्धा भरवून शेठची पत वाढते, निवडणुकीला उभा राहिला तर मतंही मिळतात, सगळं खरं. पण त्याची अब्रू आपली आहे, असं कुणाला वाटत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथल्या पोरांना पक्कं ठाऊक आहे की मीठ त्यांचंच होतं, शेठ ते फक्त परत वाढतोय.

मुंबईबाबतही आम्ही हेच करत आलो आहोत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. भातसा मुंबईचं जवळपास निम्मं पाणी भागवतं. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. आमच्या घरी मुंबईला शिव्या देऊन झाल्या की लोकल पकडून मुंबईला कामाला जायची रीत आहे. मी छातीवर 'मुंबई' लिहिलेली जर्सी घालतो तेव्हा टँकर विसरत नाही, आणि टँकर आठवतो म्हणून जर्सी काढतही नाही. जीव लावणं आणि झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला कुणी निबंध लिहून शिकवलेलं नाही.

सिटीवाले मित्र यावर एक चांगला मुद्दा काढतात. हात कुणाचे स्वच्छ आहेत? गाडीत पेट्रोल आखातातलं, अर्ध्या ओळखीचे दुबई-अबुधाबीला नोकरीला, आणि समृद्धी महामार्गावरून तर तूही जातोस. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० माणसं मेली. बहुतेक परराज्यातून आलेले कामगार. रस्ता पूर्ण झाला, आम्ही वापरतो. मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. रस्ता वापरणारा कुणीही, ते यंत्र पडलंच नाही असं म्हणत नाही. रस्त्याची बदनामी थांबवा म्हणून कुणी पोस्ट टाकत नाही. खेळाडूंच्या अंगावर आपला रंग चढला की मात्र आपली जीभ वेगळी वळायला लागते. ऑफिसात सर्व्हर झोपला, फोन वाजून वाजून थकले, तरी ग्राहकांना दिसणाऱ्या स्टेटस पेजवर हिरवा ठिपका तसाच असतो, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे. पट्टीचा चाहता हा क्लबचा हिरवा ठिपका असतो, आणि तोही बिनपगारी.

मग चाहत्यानं क्लबच्या नावाची काळजी कधीच करू नये का? कोल्हापूरला गेलं की हा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तालमींची आणि पेठांची आहेत. शाहू स्टेडियममध्ये बसलेला माणूस गिऱ्हाईक नसतो, तो त्या पेठेतच राहतो, खेळाडू त्याच्या गल्लीतला असतो. हाणामारी झाली, सामना थांबला, पोलीस आले, तर बातमीत नाव येतं ते तालमीचं, आणि ते नाव घालवणारे प्रेक्षकच असतात. तिथे अब्रू हा शब्द बरोबर बसतो. तिथल्या जाणत्यांनी हुल्लडबाज पोरांना झापलं तर ते आपल्या घरचं झाडणं आहे.

जर्मनीतला मामला तिसराच. तिथे क्लबांत सभासदांचा आवाज असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायर्न म्युनिकच्या वार्षिक सभेत सभासदांनी कतार एअरवेजच्या प्रायोजकत्वावरून एवढा आरडाओरडा केला की सभा गोंधळात संपली. आपल्याकडच्या दूध सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्यानं पाहिली आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही. २०२३ मध्ये तो करार पुढे वाढवला गेला नाही. केवळ सभासदांमुळे, असा दावा मी करणार नाही. पण त्यांना विचारायला जागा होती, माइक होता. जिथे आपल्याला मत आहे तिथे क्लबचं नाव आपलं. जिथे आपण फक्त तिकीट काढतो, सबस्क्रिप्शन भरतो आणि जर्सीची पहिली कॉपी रेल्वे स्टेशनबाहेर विकत घेतो, तिथे ते नाव सांभाळायचा ठेका आपल्याला कुणी दिला? आणि उलटपक्षी, ते नाव कशानं काळं होतंय हे विचारायला तरी आपल्याला कुणाची परवानगी लागते?

माझी तक्रार बदनामीची काळजी करणाऱ्या चाहत्यांबद्दल आहे. क्लब काय करतो याची काळजी करणारे फार थोडे भेटतात. न्यूकॅसल सौदी निधीनं २०२१ मध्ये विकत घेतल्यावर तिथल्याच काही चाहत्यांनी विरोधात गट काढला. स्टेडियमबाहेर उभं राहून, आपल्याच लोकांच्या शिव्या खात, ते तुरुंगातल्या माणसांची नावं घेत राहिले. 'क्लबची बदनामी करणारे' म्हणून त्यांना ओळखतात. पत आणि अब्रू यांची गल्लत झाली की हे असं होतं: बोलणारा घरभेदी ठरतो.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबईतून बाहेर पडला. आयएसएल पुढे कशी चालणार याचाच पत्ता नव्हता, व्यावसायिक आढावा घेतला, शेअर जुन्या मालकांकडे परत गेले. एक निवेदन आलं, चार परिच्छेदही नसतील. सहा वर्षं 'आपले मालक' म्हणून ज्यांच्यासाठी आमच्या ग्रुपवर भांडणं झाली, दोन जणांनी एकमेकांना ब्लॉक केलं, ते असे गेले. मला राग आला नाही. पत जिथे वाढत नाही तिथून माणूस भांडवल काढून घेतो, बाजाराचा नियमच तो.

मुरबाडचा मित्र, तोच लवादाची पीडीएफ पाठवणारा, त्या रात्री फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आता भांडायचं कुणासाठी रे?"

मी म्हटलं, "बिपिनसाठी."

"बिपिन? तो तर ईस्ट बंगालला गेला."